‘दोनच मिनिटं भो’ : रस्त्यात लावलेल्या गाडीचा खरा हिशोब

मागच्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीची गोष्ट. आईला घेऊन जळगावच्या सुभाष चौकात गेलो होतो, सराफ बाजारात. गाडी लावायला तीन चकरा मारल्या, शेवटी एक जागा सापडली, तिथे नीट लावली, म्हणजे खरंच नीट, पांढऱ्या पट्ट्याच्या आत. पाऊण तासाने येऊन बघतो तर पुढे लाईटचा खांब, मागे कोणाची तरी ॲक्टिव्हा हँडल लॉक करून ठेवलेली आणि बाजूला माझ्या दाराला चिकटून एक पांढरी बोलेरो. हॉर्न वाजवला, आजूबाजूच्या चार दुकानांत विचारलं, एका म्हाताऱ्या बाबांना दया आली तर ते रस्त्यात उभं राहून माझ्यासाठी ओरडले पण, "हाई गाडी कोनी शे रे भो?" कोणीच नाही. ऊन असं की गाडीची भट्टी झालेली, आई आत बसेना, बाहेर उभं राहवेना. पंचवीस मिनिटांनी साहेब आले, हातात उसाच्या रसाची पिशवी, आणि मलाच म्हणतात, "आवाज द्यायचा ना भो, इथेच तर होतो, दोन मिनिटं."

मी तेव्हा काय बोललो ते लिहिण्यासारखं नाहीये. पण घरी आल्यावर ती ‘दोन मिनिटं’ डोक्यातून जाईना. खान्देशात कुठेही जा, जळगाव घ्या, धुळ्याचा आग्रा रोड घ्या, भुसावळचं स्टेशन घ्या, चाळीसगाव घ्या, गाडी रस्त्यात लावणाऱ्या प्रत्येकाकडे हीच दोन मिनिटं असतात. म्हटलं एकदा हिशोब तर करू ही दोन मिनिटं किती मोठी असतात, आणि ती लोकं घेतातच का, मी पण का घेतो (घेतो, खोटं कशाला बोलू).

आधी जागेचा हिशोब. साधा दोन पदरी रस्ता सात मीटर रुंद धरा. मध्यम कार पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असते, पण गाडी कोणी गटाराला चिकटवून लावत नाही, आरसा असतो, दार उघडायला जागा लागते, म्हणजे एक उभी गाडी सव्वादोन मीटर खाते. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की साडेचार मीटर गेले, राहिले अडीच. एसटी बस स्वतःच अडीच मीटरच्या आसपास रुंद असते. म्हणजे कागदावर दोन पदरी असलेला रस्ता आता धड एक पदरी पण नाही, आणि रस्ता रुंद करा रुंद करा म्हणून आपण जे ओरडतो त्यातला निम्मा रस्ता ऑलरेडी बनवलेला आहे, त्याच्यावर फक्त गाड्या उभ्या आहेत.

आता वेळेचा. इथे जरा लक्ष द्या, कारण गंमत इथेच आहे. आकडे मी समजायला सोपे धरलेत. समजा एका रस्त्यावरून मिनिटाला जास्तीत जास्त २० गाड्या जाऊ शकतात आणि संध्याकाळी येतात १५. म्हणजे रस्ता सुरळीत चाललाय. आता एकाने रस्त्यात गाडी लावली, उरलेल्या जागेतून एकदा इकडच्या गाड्या, एकदा तिकडच्या असं चालू झालं आणि मिनिटाला आठच जाऊ लागल्या. येतात १५, जातात ८, दर मिनिटाला ७ गाड्या अडकत चालल्या. आपल्या भाऊची ‘दोन मिनिटं’ घड्याळात दहा असतात हे आपल्याला माहिती आहे. दहा मिनिटांत ७० गाड्यांची रांग. भाऊ आला, गाडी काढली, गेला. त्याच्या मते प्रश्न संपला. पण रांग लगेच संपत नाही ना, कारण मागून १५ येतच आहेत, २० जातायत, म्हणजे रांग मिनिटाला फक्त ५ ने कमी होते. ७० संपायला आणखी १४ मिनिटं. भाऊ तोपर्यंत घरी पोहोचून चहा पितोय. सगळ्यांचा वाया गेलेला वेळ एकत्र केला तर ८४० मिनिटं होतात, म्हणजे १४ तास. एका माणसाने दोनशे पावलं चालणं वाचवलं आणि बाकीच्यांनी मिळून १४ तास दिले.

आणि त्याला हे कधीच दिसणार नाही. म्हणून तर तो वाईट माणूस असायची गरजच नाही. फायदा सगळा त्याच्या एकट्याच्या खिशात, नुकसान साडेतीनशे जणांत वाटलेलं, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं. गावच्या गायरानासारखं आहे हे. प्रत्येकाला वाटतं माझ्या एका म्हशीने काय फरक पडतो, आणि सगळ्यांना तसंच वाटलं की गायरान संपतं.

माणसाच्या डोक्याचा आणखी एक खेळ यात आहे. दुसऱ्याने गाडी आडवी लावली की आपण त्याचं कॅरेक्टर काढतो, माजलाय, बापाचा रस्ता समजतो. तेच आपण लावली की परिस्थिती सांगतो, औषध घ्यायचं होतं, पाऊस होता, आई सोबत होती. यातल्या दुसऱ्याचं कॅरेक्टर काढण्याला मानसशास्त्रात नाव आहे, ली रॉस नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९७७ मध्ये दिलेलं, मराठीत साधारण ‘मूलभूत आरोपण चूक’ होईल. नाव सोडा, एकूण खेळ एवढाच की दुसऱ्याचा स्वभाव दिसतो आणि स्वतःची अडचण दिसते. मला बोलेरोवाल्याचा माज दिसला, पण त्याच्या दोन महिने आधी धुळ्यात पाचकंदीलजवळ मी स्वतः एका बंद शटरसमोर गाडी लावून मेडिकलला गेलो होतो, तेव्हा मला तो माज वाटला नव्हता. ते शटर दुपारी उघडतं हे मला काय माहिती.

तिसरी गोष्ट, बघून बघून करणं. हॉलंडमधल्या ग्रोनिंगेन शहरात एक प्रयोग झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पार्किंगला जायच्या वाटेवर एक तात्पुरतं कुंपण घातलं, त्याला फट ठेवली, पाटी लावली की इथून जाऊ नका, २०० मीटर वळसा घालून जा. शेजारी दुसरी पाटी, कुंपणाला सायकली बांधू नका. सायकली कुंपणाला न बांधता बाजूला उभ्या ठेवल्या तेव्हा २७ टक्के लोक फटीतून घुसले. त्याच सायकली पाटी डावलून कुंपणाला बांधून ठेवल्या तेव्हा ८२ टक्के. लोक तसलेच, गाव तेच. सायकलवाल्याने मोडलेला नियम वेगळा होता तरी बाकीच्यांना वाटलं इथे नियम-बियम काही नाही. आता जळगावच्या फुले मार्केटसमोर जाऊन बघा, पहिली गाडी ‘नो पार्किंग’खाली लागायला जरा वेळ लागतो, दुसरी पटकन लागते, तिसऱ्यानंतर तर ते अधिकृत पार्किंगच होऊन जातं, लोक एकमेकांना जागा पण सांगतात, "इकडे लाव इकडे, बसते."

मग कोणी म्हणतं आपल्या लोकांना शिस्तच नाही, फॉरेनला बघा. हे मला पटत नाही, आणि त्याचा भारी पुरावा आहे. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय आहे, तिथे जगभरचे राजनैतिक अधिकारी राहतात आणि त्यांना दंडाच्या वसुलीतून सूट होती. १९९७ ते २००२ मध्ये या साहेब लोकांनी पार्किंगच्या दीड लाखाच्या आसपास पावत्या न भरता ठेवल्या, रक्कम १ कोटी ८० लाख डॉलर. चांगली शिकलेली, सूटबूटवाली माणसं. काही देशांचे लोक सूट असूनही नीट वागले हे खरं, ते पण यावर झालेल्या अभ्यासात आहे. पण २००२ च्या शेवटी शहराने सांगितलं की पावत्या थकवल्या तर नंबर प्लेट काढून घेऊ, आणि न भरलेल्या पावत्या ९८ टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या. संस्कार एका रात्रीत कसे बदलतील, बदलली ती पकडलं जायची भीती.

तर आपल्याकडे पकडणारा कोण आणि कायदा काय? मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात २०१९ ला मोठी दुरुस्ती झाली. पार्किंगचा नियम मोडला की बहुतेक वेळा कलम १७७ लागतं, पहिल्यांदा ५०० पर्यंत, परत केलं तर १५०० पर्यंत. दुरुस्तीच्या आधी हे १०० आणि ३०० होतं, म्हणजे कधीतरी शंभर रुपये म्हणजे पार्किंगचं तिकीटच समजायचे लोक. धोकादायक ठिकाणी गाडी सोडणं कलम १२२ मध्ये येतं. आणि कलम १२७ म्हणजे टोईंग, नो पार्किंगमध्ये लावलेली किंवा दहा तासांच्या वर बेवारस सोडलेली गाडी उचलून नेता येते आणि उचलायचा खर्च पण मालकाच्याच माथी. याशिवाय नवीन भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून आली, त्यात कलम २८५ आहे, सार्वजनिक रस्त्यात अडथळा करणं, दंड ५००० पर्यंत. जुन्या दंडविधानात हेच कलम २८३ होतं आणि दंड फक्त २०० पर्यंत होता.

कुठे लावायची नाही ते २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमांमध्ये आहे. फूटपाथवर नाही, झेब्रा क्रॉसिंगवर नाही, बस स्टॉप, शाळा, दवाखाना यांच्या गेटजवळ नाही, कोणाच्या घराच्या फाटकासमोर नाही, उभ्या गाडीच्या शेजारी दुसरी उभी करायची नाही (बोलेरो!), आणि चौकाच्या अलीकडे-पलीकडे ५० मीटरपर्यंत नाही. हे शेवटचं वाचून मी हसलो. आपल्याकडे चौकापासून ५० मीटर सोडले तर पुढचा चौक सुरू होतो. बोर्डाचं पण सांगतो, खूप जणांचं कन्फ्युजन असतं. निळा गोल, लाल कड आणि एक तिरकी लाल रेघ म्हणजे गाडी लावून जाऊ नका, माणूस उतरवायला थांबलं तर चालतं. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचं पण नाही. काही रस्त्यांवर सम-विषम तारखेचं पार्किंग असतं, सम तारखेला एक बाजू, विषमला दुसरी, ते तर लोक कॅलेंडर बघून नाही, बाकीच्यांनी कुठे लावली ते बघून ठरवतात.

मग अडतं कुठे? रस्ता महापालिकेचा किंवा पालिकेचा, पट्टे मारणं बोर्ड लावणं तिचं काम, दंड करणार वाहतूक शाखा, गाडीची नोंदणी आरटीओकडे. पट्टा पुसला गेलेला असतो, बोर्डावर कोणाच्या तरी वाढदिवसाचं फ्लेक्स असतं, हवालदाराने पावती फाडली की माणूस म्हणतो बोर्ड कुठे आहे दाखवा, आणि बोर्ड खरंच दिसत नाही. दोघंही खरं बोलतायत आणि रस्ता जाम.

जागेचं पण समजून घेऊ. जुनं जळगाव, पेठा, अमळनेर-चोपड्याचे बाजार, हे बैलगाडीच्या काळातले. धुळ्याचं उदाहरण त्यातल्या त्यात चांगलं आहे, १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने ते खान्देशचं मुख्यालय केलं आणि पुढे गाव सरळ रेषेत वाढलं, आजही पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असंच सांगतात. सरळ गल्ल्या आहेत म्हणून हवा येते, पण रुंदी त्या काळाच्या हिशोबाचीच ना. त्यात आता घराघरात दोन बाईक आणि एक कार. नवीन बिल्डिंगींना नियम आहेत, राज्याची युनिफाईड बांधकाम नियमावली २०२० ची, तिच्यात कारची एक जागा अडीच बाय पाच मीटर आणि दुचाकीची एक बाय दोन मीटर धरतात. नकाशात सगळं बरोब्बर असतं. प्रत्यक्षात तळघरात पार्किंगच्या जागी गोडाऊन, कपड्याचं दुकान नाहीतर क्लासेस, आणि त्या दुकानाची गिऱ्हाईकं गाड्या लावतात रस्त्यावर. माझ्या मते आपल्या बाजारांचा अर्धा प्रश्न या तळघरांत गाडलेला आहे, आणि पावत्या मात्र वर रस्त्यावर फाटतात.

दुसरा अर्धा प्रश्न फुकटपणाचा. अमेरिकेत डोनाल्ड शूप म्हणून प्राध्यापक होते, २०२५ मध्ये वारले, आयुष्यभर पार्किंगवरच अभ्यास केला. त्यांचं म्हणणं साधं होतं, बाजारातली जागा महाग आहे, ती फुकट दिली की जो पहिला येतो तो दिवसभर अडवून बसतो आणि बाकीचे गोल गोल फिरत राहतात, आणि ही फिरणारी गाडी म्हणजेच बरीचशी ट्रॅफिक. दर असा ठेवा की शंभरातल्या १५ जागा रिकाम्या राहतील, म्हणजे येणाऱ्याला चक्कर मारावी लागणार नाही. आता आपल्या बाजारात पहिला कोण येतो? दुकानदार आणि त्याची पोरं. सकाळी दहाला स्वतःची स्कूटर दुकानासमोर, रात्री आठपर्यंत. दहा तासांत अर्ध्या-अर्ध्या तासाची वीस गिऱ्हाईकं त्या एका जागेवर येऊन गेली असती. वर तोच दुकानदार शेजारच्या जागेत दगड नाहीतर खुर्ची ठेवतो, लोटगाडीवाल्याशी भांडतो आणि संध्याकाळी म्हणतो, पार्किंग नाही म्हणून मार्केटला गिऱ्हाईक येत नाही, सगळे ऑनलाईन घेतात.

पैसे घ्यायची आयडिया नवीन नाहीये, जगातलं पहिलं पार्किंग मीटर अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत १६ जुलै १९३५ ला बसलं, तासाला पाच सेंट. तेव्हाही कारण हेच होतं, दुकानात काम करणाऱ्यांच्या गाड्या दिवसभर दुकानांसमोर. जपानने वेगळा रस्ता धरला, १९६२ च्या कायद्याने गाडी घ्यायची तर जागा आहे हे पोलिसांकडून लिहून आणा, घरापासून दोन किलोमीटरच्या आत. आपल्याकडे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक २०२५ मध्ये असंच काहीतरी बोलले, पार्किंग नाही तर नवीन गाडीची नोंदणी नाही, आणि आमच्या कट्ट्यावर लगेच एकाने विचारलं, "मग शेतातली जागा दाखवली तर चालीन का भो?"

पण एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या चर्चांमध्ये येत नाही आणि खान्देशात तीच मोठी आहे. ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा ‘दोनशे मीटरवर पे अँड पार्क आहे’ हे वाक्य म्हणजे शिक्षा वाटते. माणूस दोन गोष्टींसाठी गाडी वाकडी लावतो, चालणं वाचावं म्हणून आणि सावली मिळावी म्हणून. बघा तुम्ही, दुपारी रस्त्याच्या एकाच बाजूला गाड्या असतात, जिकडे कडुनिंब आहे तिकडे, आणि सावली सरकली की गाड्या पण सरकतात. मोकळं डांबरी मैदान पार्किंगला दिलं तरी ते उन्हाळ्यात ओस पडतं. त्याच्यावर साधी हिरवी जाळी टाकली, कडेने झाडं लावली तर पाच-दहा रुपये द्यायला कोणी कुरकुरणार नाही असं मला तरी वाटतं.

अडकल्यावर काय करायचं ते पण सांगून ठेवतो. हॉर्न वाजवत बसू नका. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाच्या एका मॉलवर अभ्यास प्रसिद्ध झाला, जागा सोडून निघणारा माणूस मागे कोणी वाट बघत असेल तर जास्त वेळ लावतो, आणि वाट बघणाऱ्याने हॉर्न मारला तर अजून जास्त. जागा सोडायचीच आहे, तरी आपली वाटते. चाकाची हवा सोडायची खूप इच्छा होते, मला पण झाली होती, पण नुकसान केलं की तुमच्यावरच गुन्हा येऊ शकतो आणि पंक्चर गाडी तिथेच उभी राहते, अडकलेले तुम्हीच. नंबर प्लेट दिसेल असा फोटो काढा, वाहतूक शाखेला नाहीतर ११२ ला फोन करा. बाईक लावताना साईड स्टँडऐवजी मेन स्टँडवर लावा, तिरकी गाडी दीड गाडीची जागा खाते, आणि गर्दीत हँडल लॉक करताना विचार करा की मागच्याला तुमची गाडी उचलावी लागणार आहे. सोसायटीतला वाद असेल तर एवढं माहिती असू द्या, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१० मध्ये सांगितलंय की बिल्डिंगखालचं खांबांमधलं आणि मोकळं पार्किंग बिल्डर वेगळं विकू शकत नाही. नंतर रेरा (घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा) आला, त्यात बंदिस्त गॅरेज आणि छत असलेल्या पार्किंगचं वेगळं आहे, पण मोकळी जागा गॅरेज धरत नाहीत. तेव्हा ‘मी पैसे देऊन घेतलीय’ म्हणणाऱ्याला आधी करारनामा दाखवायला सांगा.

मी स्वतः त्या बोलेरोनंतर एक काम केलं, जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात मोबाईल नंबर लिहिला, ‘गाडी अडचण करत असेल तर फोन करा’, आणि डॅशबोर्डवर ठेवला. दोनच आठवड्यांनी गोलाणी मार्केटला कामाला गेलो, जागा नव्हती, जरा तिरकीच लावली, म्हटलं पुठ्ठा आहे ना. अर्ध्या तासाने खाली आलो तर एक काका काठी टेकवून गाडीशेजारी उभे, घामाघूम, शेजारी त्यांचा मुलगा स्कूटर धरून. "सात फोन केले भो तुला." खिशातून मोबाईल काढला. सायलेंटवर होता.